गच्ची गावाला, बिल ठाण्याला

वर्तकनगरमधल्या आमच्या इमारतीवर मी सोलर का लावलं नाही, ते आधी सांगतो. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. गच्चीवर पाण्याच्या तीन टाक्या, केबलवाल्यांच्या तारांचं जाळं आणि उरलेल्या जागेत गळतीवर उपाय म्हणून घातलेली पत्र्याची शेड. ती शेड सोसायटीची, म्हणजे सोळा सह्या. सह्या मिळाल्याही असत्या, पण गेली सहा वर्षं आमच्याकडे रीडेव्हलपमेंटच्या बैठका चालू आहेत. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू आज ना उद्या पडणाऱ्या इमारतीवर कोण चढवणार? मे महिन्याचं बिल हातात घेऊन मी हे गाऱ्हाणं चौथ्यांदा लावलं, तेव्हा सौ. म्हणाली, "गच्ची नाही काय म्हणता? गावाला आहे की आपली."

गाव म्हणजे मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावर, टोकावड्याच्या अलीकडे. वडिलांनी बांधलेलं स्लॅबचं घर. गणपती, शिमगा आणि मे महिन्याचे आठ-दहा दिवस सोडले तर कुलूप. चुलतभाऊ शेजारीच राहतो, किल्ली त्याच्याकडे. ऊन तिथे फुकट जातंय आणि बिल इथे भरतोय, हे सरळ होतं. ते ऊन मुरबाडहून ठाण्याला आणायचं कसं, ते कळायला मला वर्ष लागलं. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. मीटर, वायर, करंट यांची भीती नाही. अडलो तो कागदावर. म्हणून पॅनलबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. गावच्या पॅनलची वीज ठाण्याला येत नाही. ती गावच्याच तारेत जाते आणि गावातल्याच कुणाच्या तरी पंख्यात खर्च होते. येतो तो हिशोब. तुम्ही तिथे शंभर युनिट दिलीत, तर इथल्या बिलातून शंभर युनिट वजा. त्यामुळे दोन्ही टोकांना हिशोब ठेवणारी वितरण कंपनी एकच लागते. इथे पहिलीच चाळणी लागते. ठाणे, नवी मुंबई, मुरबाड, रायगड, रत्नागिरी, थेट चंद्रपूरपर्यंत महावितरण. मुंबईतही मुलुंड-भांडुप महावितरणकडेच. पण दादरला बेस्ट आणि बोरिवलीला अदानी किंवा टाटा. माझी भाची दादरला राहते, तिला गावच्या पॅनलचा काडीचा उपयोग नाही. कळवा, मुंब्रा, शीळ आणि भिवंडीत बिल टोरंटचं येतं, पण तिथे टोरंट फ्रँचायझी आहे, म्हणजे महावितरणच्या वतीनं काम बघते, परवाना महावितरणचाच. तिकडच्या माणसानं पैसे गुंतवण्याआधी बिल करणाऱ्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्यावं, तोंडी नको.

दुसरी चाळणी पद्धतीची. साधं नेट मीटरिंग तुम्हाला माहीत असेल: तारेत दिलेली युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा, आणि पॅनल, मीटर, बिल सगळं एका छपराखाली. त्याच्या पुढच्या दोन पायऱ्या आहेत. एक ग्रुप नेट मीटरिंग. यात ग्राहक एकच, कनेक्शनं एकापेक्षा जास्त. पॅनल असलेल्या घरचा वापर आधी भागतो, उरलेली युनिट त्याच माणसाच्या दुसऱ्या कनेक्शनवर वळती होतात. दुसरं व्हर्च्युअल नेट मीटरिंग. यात ग्राहक वेगवेगळे. पॅनलची सगळी वीज थेट ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, जाते आणि ठरलेल्या वाट्यानं प्रत्येकाच्या बिलात जमा होते. गच्ची नसलेल्या फ्लॅटवाल्यांनी किंवा सोसायटीतल्या दहा-बारा जणांनी मिळून करायचं असेल तर हे. माझं घरही माझं आणि फ्लॅटही माझा, म्हणून माझं काम ग्रुपचं. निदान मी तसं समजत होतो.

आता बिलं काढा. एक नाही, बारा. महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं मिळतात. माझी अशी होती: एप्रिल ४१०, मे ४५५, जून ३७०, मग पावसाळ्यात २९०, २७०, २८०, ऑक्टोबरच्या उकाड्यात ३४५, नोव्हेंबर २७०, थंडीचे तीन महिने २३०, २२५, २४० आणि मार्च ३३५. वर्षाची ३,७२० युनिट. गावची जेमतेम तीनशे. दोन्ही मिळून चार हजार वीस.

आपल्या भागात एक किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट धरायला हरकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, जुलैमध्ये निम्मी. मला विकायला आलेल्या एकानं पाच धरली होती, दुसऱ्यानं साडेपाच. साडेपाचवाल्याला मी विचारलं, "जुलैत पण का?" त्यावर त्यानं पाणी मागितलं.

इथे बहुतेकांचा मोह होतो तो बिल शून्य करण्याचा. तसं करू नका. दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे बिलाचे टप्पे. महावितरणच्या घरगुती दरात शंभरपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत असे टप्पे असतात, आणि तिसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्या टप्प्यातल्या युनिटापेक्षा दुपटीहून महाग पडतं. वजावट वरून होते. म्हणजे माझ्या मेच्या ४५५ मधली पहिली दीडशे युनिट सोलरनं उडवली तर सगळ्यात महाग युनिट उडाली. शेवटची शंभर उडवायला जे पॅनल लावाल ते सगळ्यात स्वस्त युनिट वाचवणार, पण त्या पॅनलची किंमत मात्र तितकीच. शिवाय स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा लागणारी रक्कम, राहतोच, दोन्ही घरचा. "बिल झिरो" असं लिहिलेला कागद कुणी पुढे केला की त्याला स्थिर आकाराची ओळ दाखवा.

दुसरं कारण ३१ मार्च. युनिटची शिल्लक महिन्यामागून महिना पुढे जाते, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी खातं बंद होतं. उरलेली युनिट कंपनी तिच्या ठरलेल्या दरानं विकत घेते, आणि तो दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. आता आपलं हवामान बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, पॅनल जोरात आणि घरात पंखासुद्धा हळू. शिल्लक साठते ती नेमकी याच दिवसांत. आणि ती लागणार असते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे खातं पुसल्यानंतर लगेच. बँकेनं दिवाळीच्या तोंडावर रिकरिंग मोडून हातावर टेकवावं तसं. म्हणून क्षमता वर्षाच्या एकूण वापराएवढी किंवा जरा कमीच ठेवा.

माझ्या हिशोबात तीन किलोवॅटच्या आसपास उत्तर आलं. अनुदानही तिथेच बसतं. केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त कितीही लावलं तरी ७८ हजार. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. ग्रुप आणि व्हर्च्युअल पद्धतीनं लावलेलं सोलरही या अनुदानातून वगळलेलं नाही. हे मला दोघा विक्रेत्यांनी उलटं सांगितलं होतं, तेव्हा योजनेची मार्गदर्शक तत्त्वं स्वतः वाचा. अट एकच मोठी: पॅनल भारतात बनलेले हवेत आणि त्यांच्या आतले सेलही भारतात बनलेले. विक्रेते याला 'डीसीआर पॅनल' म्हणतात. ते थोडे महाग असतात. कोटेशनवर 'डीसीआर' हा शब्द लिहून घ्या.

आता नाव. हा भाग सावकाश वाचा.

ग्रुपच्या पद्धतीत ग्राहक एकच असला पाहिजे म्हटल्यावर मी दोन्ही बिलं शेजारी ठेवली. ठाण्याच्या बिलावर माझं नाव. गावच्या बिलावर वडिलांचं. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं मी त्यांच्या नावचं बिल मोबाईलवरून भरत होतो आणि एकदाही डोळ्याला खुपलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते नाव बिलावर दिसलं की बरं वाटायचं.

ते बदलायला आधी घर माझ्या नावावर हवं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांची नावं आणि बहिणीचं. मग भावाचं आणि बहिणीचं संमतीपत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला, माझं आधार, घरपट्टीची पावती. भावानं लगेच सही केली. बहीण म्हणाली, "सही देते, पण आंब्याची पेटी माझ्याकडे नेहमीसारखी आली पाहिजे." ती पेटी वीज कंपनीच्या कुठल्याही अर्जात नाही, पण तिच्याशिवाय माझं काम झालं नसतं. घर सामाईक असेल तर सोलरचा विषय वीज म्हणून काढू नका, घरातला विषय म्हणून काढा. गच्ची कुणाची, पैसा कुणाचा, उद्या वाटणी झाली तर पॅनल कुणाचे, हे आत्ताच बोला आणि संमतीपत्रात दोन ओळी घाला.

नाव बदलून आलं तेव्हा त्यात आडनाव आधी होतं आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. ठाण्याच्या बिलावर वेगळं, आधारवर तिसरंच. माणसाला कळतं की हा एकच गृहस्थ आहे, संगणकाला कळत नाही. दोन्ही बिलं, आधार आणि बँकेचं पासबुक, चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या, मग पुढच्या कामाला लागा. कनेक्शन घरगुती आहे ना, थकबाकी नाही ना, हेही याच वेळी बघा. गावाकडे घराच्या ओटीवर कधीकाळी दुकान असेल तर मीटर व्यापारी दरात अडकलेला असतो.

मंजूर भाराची, म्हणजे कनेक्शनला कंपनीनं ठरवून दिलेल्या किलोवॅटच्या मर्यादेची, काळजी मात्र फार करू नका. गावच्या घरचा भार एक किलोवॅट होता आणि पॅनल तीनचे. २०२४ मध्ये केंद्रानं वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यानुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक पाहणीची गरज उरली नाही आणि लागेल तेवढा भार कंपनीनंच वाढवून द्यायचा.

जागेकडे वळू. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. मी ५५० वॅटचे सहा पॅनल घेतले, म्हणजे ३.३ किलोवॅट. एकेक पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि मीटरभराहून रुंद. तोंड दक्षिणेला आणि उतार एकोणीस-वीस अंशांचा, कारण आपलं अक्षांशच तेवढं. सावली बघायला मात्र डिसेंबरात जा. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, सगळ्याच गच्च्या चांगल्या दिसतात. आमच्या दक्षिणेला चुलत्याचा फणस आहे. मेमध्ये त्याची सावली अंगणातच होती, डिसेंबरात सकाळी दहापर्यंत ती दोन पॅनलांवर यायची. फणस तोडायचा प्रश्नच नव्हता, सांगाडा चार फूट सरकवला. बसवणाऱ्या माणसानं सुरुवातीला तो फणसासमोरच रोवला होता आणि स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले होते, वर सिमेंटचा लपका. मी ते काढायला लावलं, आणि सांगाडा सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा केला. स्लॅब वाकायला नको म्हणून त्याचे बीम कुठून जातात तेही खडूनं आखून दिलं. पॅनलच्या सांगाड्याला वजनापेक्षा वाऱ्याचं भय जास्त. जून २०२० च्या निसर्ग वादळात कोकणात पत्रे कसे उडाले ते आठवा. जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा घ्या, नुसता रंग दिलेला दोन पावसाळ्यांत गंजतो. अर्थिंग तीन वेगळी हवीत: पॅनलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी घालणारा भेटला तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

आणि आता जे कुठल्याही विक्रेत्यानं मला सांगितलं नाही. लांबच्या जागी पॅनल लावताना उन्हापेक्षा तिथली लाइट महत्त्वाची. पॅनलची डीसी वीज एसी करून ग्रिडला जोडणारा इन्व्हर्टर (बॅटरीवाला नव्हे) लाइट गेली की स्वतःहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे भर दुपारी बारा ते तीन गावात लाइट नसेल तर वर सूर्य तळपत असूनही तुमचं उत्पादन शून्य. ठाण्यात दुपारी लाइट गेली की आपण रांगेत उभे राहून आरडाओरडा करतो, गावाकडे लोक झाडाखाली झोपतात. त्यामुळे किती वेळ जाते हे कुणाला पटकन सांगताही येत नाही. चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "जाते अधनंमधनं." ते अधनंमधनं म्हणजे किती, हे कळायला मी त्याच्या मुलाला एक वही दिली. महिनाभर त्यानं लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहिली. दिवसा मिळून अडतीस तास निघाले. मी माझ्या उत्पादनाच्या अंदाजातून सरळ बारा टक्के कापले.

त्याच वेळी मल्टिमीटर लावून दुपारचं व्होल्टेजही बघा. लाइनच्या टोकाला असलेल्या घरी ते कधी फार पडतं, कधी मागणी नसताना फार चढतं, आणि दोन्ही वेळा इन्व्हर्टर सुटतो. आमच्याकडे रविवारी दुपारी चढायचं. नोंदी दाखवून अर्ज केल्यावर ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी, बदलून मिळाला. नोंदी नसत्या तर मी फक्त एक तक्रारखोर म्हातारा ठरलो असतो.

अर्जाची रीत सोपी आहे. पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर पॅनल जिथे बसणार त्या कनेक्शनचा ग्राहक क्रमांक घालायचा. माझ्या बाबतीत गावचा, ठाण्याचा नाही. यादीतला विक्रेता निवडायचा, करार करायचा. करारात पाच वर्षांची देखभाल येते, आणि ती गावी येऊन करायची आहे हे लिहून घ्या. नाहीतर "काका, तुम्हीच जरा पुसून घ्या" असं फोनवर ऐकावं लागतं. बसवून झालं की फोटो, पॅनलचे क्रमांक, मग नेट मीटर, तपासणी आणि शेवटी बँकेचा तपशील. माझं अनुदान महिन्याच्या आत खात्यात आलं. खर्च एक लाख पंच्याण्णव हजार, वजा अठ्ठ्याहत्तर हजार, राहिले एक लाख सतरा. सरकारी बँका यासाठी तारण न घेता कर्ज देतात, मी ग्रॅच्युइटीतून भागवलं.

आणि मग माझी घोडचूक. नेट मीटर बसला २०२४ च्या डिसेंबरच्या मध्याला. मी पेढे वाटले. जानेवारीचं ठाण्याचं बिल आलं, पूर्ण. म्हटलं पहिला महिना आहे. फेब्रुवारीचंही पूर्ण. गावच्या बिलावर मात्र शिल्लक युनिट वाढत चालली होती. मार्चअखेर तिथे तेराशेच्या वर साठली आणि ३१ तारखेला खातं बंद झालं. हाती आलेल्या रकमेत बहिणीची आंब्याची पेटी आली असती, एवढंच.

दोष कुणाचा नव्हता, माझाच होता. मी पोर्टलवर केलेला अर्ज साध्या नेट मीटरिंगचा होता. दोन्ही बिलं माझ्या नावावर केली म्हणजे युनिट आपोआप ठाण्याला जातील, असं मी गृहीत धरलं. तसं नसतं. कोणत्या कनेक्शनची शिल्लक कोणत्या कनेक्शनला द्यायची हे तुम्ही अर्ज करून, करारात लिहून द्यावं लागतं. नेट मीटरच्या करारनाम्यावर सही करताना वरचं शीर्षक वाचा. त्यात 'ग्रुप' हा शब्द नसेल तर पेन खाली ठेवा.

एप्रिलमध्ये मी नव्यानं अर्ज घेऊन पॅनल ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहेत तिथे गेलो, म्हणजे मुरबाडच्या बाजूला. सोबत: दोन्ही कनेक्शनचे बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि त्यांची चार आकडी बिलिंग युनिट, दोन्हींची ताजी भरलेली बिलं, मालकीचे पुरावे, नेट मीटर बसल्याचा अहवाल आणि एक तक्ता. तक्त्यात लिहिलं: आधी गावचा वापर, मग उरलेलं सगळं ठाण्याच्या अमुक क्रमांकाला. बिलिंग युनिट विसरू नका. माझं ठाण्याचं कार्यालय भांडुप परिमंडळात येतं आणि गाव कल्याण परिमंडळात. कंपनी एक असली तरी टेबलं वेगळी. अर्जाची शिक्का मारलेली एक प्रत मी ठाण्याच्या कार्यालयातही दिली आणि पोच घेतली. जूनपासून जोडणी लागू झाली.

पहिलं वळतं झालेलं बिल जुलैचं. ते वाचताना तीन आकडे तीन ठिकाणी दिसतात आणि लोक इथेच गोंधळतात, म्हणून माझेच सांगतो. इन्व्हर्टरच्या ॲपवर उत्पादन २१२ युनिट. गावच्या नेट मीटरवर निर्यात २००. मधली बारा कुठे गेली? कुठेच नाही, दिवसा गावच्या फ्रिजनं परस्पर खाल्ली, ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. त्याच मीटरवर आयात १३, म्हणजे रात्री ग्रिडकडून घेतलेली. दोनशेतून तेरा गेली, उरली १८७. ठाण्याचा वापर २९० होता, त्यातून १८७ वजा. बिल आलं १०३ युनिटांचं. तपासताना निर्यात वजा आयात हा आकडा धरा. ॲपवरचा आकडा धरून भांडायला गेलात तर तोंडघशी पडाल.

एखाद्या महिन्यात वजावट दिसलीच नाही तर बिल भरायचं थांबवू नका, थकबाकी झाली की भलताच विषय सुरू होतो. बिल भरा आणि मीटरच्या फोटोसकट लेखी तक्रार द्या. त्यावर काही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

माझी मेहुणी कोपरखैरण्याला राहते. तिला हे कळल्यावर म्हणाली, "भावजी, तुमच्या गच्चीवर अजून जागा आहे ना? आमचे दोन पॅनल बसवा की." जागा आहे, पण तिचं बिल तिच्या नावाचं. माझ्या ग्रुपमध्ये ती येऊ शकत नाही. तिच्यासाठी व्हर्च्युअलचा वेगळा प्रकल्प, वेगळा मीटर, आणि कुणाला किती टक्के याचा करार. दोन पॅनलांसाठी तो उपद्व्याप परवडत नाही. तिच्या सोसायटीतल्या आठ-दहा जणांनी मिळून वीस-पंचवीस किलोवॅटचा विचार केला तर मात्र जरूर करावा, आणि त्यांची स्वतःची गच्ची मोकळी असेल तर गावाला जायचीही गरज नाही. त्यांनी आधी सर्वसाधारण सभेत ठराव करावा. फ्लॅट विकणाऱ्याच्या वाट्याचं काय होणार, हे त्या ठरावात आलंच पाहिजे.

चुलतभावाचाही एक प्रश्न होता. त्याच्या शेतावर सरकारी योजनेतला सौर पंप आहे. "पाऊस पडला की पंप बंदच असतो, ती वीज तुझ्या खात्यात घालता येईल का?" नाही. तो पंप ग्रिडला जोडलेलाच नाही, त्याची वीज पंपापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

आणि घोडबंदर रोडच्या एका प्रदर्शनात मला एकानं सोलर पार्कमधले 'तुमच्या नावाचे चार पॅनल' विकायचा प्रयत्न केला. लांब कुठल्या तरी माळावर पॅनल, बिल इथे कमी. मी विचारलं, महावितरणशी करार कुणाचा, माझा की तुमचा? कुठल्या नियमाखाली? तो म्हणाला, ग्रीन ओपन ॲक्सेस, म्हणजे कंपनीच्या तारांवरून दुसऱ्याच उत्पादकाची हरित वीज घ्यायची मुभा. २०२२ च्या त्या केंद्रीय नियमांना किमान शंभर किलोवॅटचा भार लागतो. आमच्या अख्ख्या इमारतीचा मिळून तेवढा होत नाही. असं कुणी भेटलं तर तुमच्या ग्राहक क्रमांकाचा उल्लेख असलेला महावितरणचा कागद मागा. तो येईपर्यंत खिशात हात घालू नका.

राहिली राखण. पुतण्या दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मीटरचे दोन फोटो पाठवतो, एक आयातीचा, एक निर्यातीचा. मी ते वहीत उतरवतो. पावसाळा सोडून पंधरा दिवसांनी तोच पॅनल धुतो, सकाळी लवकर, काच थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं. भाताची झोडणी चालू असली की दर आठवड्याला, कारण कोंडा चिकटतो. महिन्याला त्याला तीनशे रुपये देतो. आधी घेत नव्हता, मग मी त्याच्या मोबाईलचं रिचार्जच करायला लागलो, इन्व्हर्टरचं वायफायही त्याच्याच हॉटस्पॉटवर चालतं. वानरांचा उपाय अजून सापडलेला नाही. ती पॅनलवर ऊन खात बसतात, एका वेळी सात-आठ. मोडतोड काही केली नाही अजून, पण ती बसली की ॲपवरची रेघ खाली येते, आणि मी ठाण्यातून फोन करतो, "बाळा, जरा वर जाऊन बघ रे."